जुनी गाडी आणखी दहा वर्षं चालवायची असेल तर: नाशिकच्या नव्या मालकांसाठी

वडिलांची गाडी तुमच्या नावावर आली असेल किंवा ओळखीतून सव्वा-दीड लाखाला एखादी अल्टो, सँट्रो घेतली असेल, तर पहिल्याच आठवड्यात फुकटचे सल्ले सुरू होतात. "पंधरा वर्षं झाली की सरकार भंगारात काढतं." "ऐंशी हजाराची गाडी आणि तीस हजाराचं काम? वेडा आहेस का?" हा दुसरा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, आणि चांगल्या चालत्या गाड्या भंगारात जातात त्या बहुतेक त्याच्याचमुळे. त्यात मापच चुकलेलं आहे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विक्रीच्या किमतीशी ताडायचा नसतो, नव्या गाडीच्या हप्त्याशी ताडायचा असतो. आठ लाखांचं कर्ज, सात वर्षांची मुदत, नऊ टक्के व्याज धरलं तर महिन्याचा हप्ता साधारण १२,९०० रुपये होतो. म्हणजे वर्षाला दीड लाखाच्या वर, नव्या गाडीचा विमा वेगळा. जुन्या गाडीवर वर्षाला तीस-चाळीस हजार घातले तरी हिशोब तुमच्याच बाजूने आहे. फक्त ते पैसे योग्य क्रमाने जायला हवेत.

मी २००७ ची वॅगन-आर चालवतो, पहिल्यापासून एमएच १५ ची. त्यामुळे खाली लिहिलेलं पेट्रोलच्या छोट्या गाड्या डोळ्यांपुढे ठेवून आहे. डिझेलवाल्यांनाही त्यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी कागद

पंधरा वर्षांची भीती दिल्लीकडून आलेली आहे. दहा वर्षांपुढचं डिझेल आणि पंधरा वर्षांपुढचं पेट्रोल यांच्या बंदीचा वाद दिल्ली आणि आसपासच्या परिसराचा, नाशिकचा त्याच्याशी संबंध नाही. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि त्यानंतर गाडी ठणठणीत असेल तर ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. लोक त्याला 'पासिंग' म्हणतात. अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत करायचा. कारसाठी नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये आहे. गाडीनं वीस वर्षं ओलांडली की ते १०,००० होतं. ही वाढ ऑगस्ट २०२५ मध्ये आली. उशीर केला तर दर महिन्याला ५०० रुपये वर चढत जातात. शिवाय पंधरा वर्षांनंतर पर्यावरण कर भरावा लागतो, तोही पाच वर्षांचा एकदम, आणि पेट्रोल-डिझेलचे दर वेगळे. अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर भरता येतो, तिथेच तुमच्या गाडीचा नेमका आकडा दिसतो. एजंटाला विचारण्याआधी तो बघून ठेवा.

गाडी मात्र पेठ रोडला आरटीओत न्यावीच लागते. निरीक्षक इंजिन खोलून बघत नाही. तो बघतो दोन्ही हेडलाइट, चारही इंडिकेटर, ब्रेक लाइट, वायपर, हॉर्न, सीटबेल्ट, टायर, आणि चेसिस नंबर कागदाशी जुळतो का ते. चेसिस नंबर कुठे कोरलेला आहे हे आधीच मिस्त्रीला विचारा, ती जागा रॉकेलच्या बोळ्याने पुसून ठेवा. नंबराचा ठसा कागदावर घ्यावा लागतो. वीस वर्षांचा चिखल आणि ग्रीस बसलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली तर फक्त काळा डाग उमटतो, आणि मग रांगेत पुन्हा शेवटून उभं राहायचं. थकलेली ई-चलनंही आधी भरून टाका.

गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली हवी. पीयूसीचं लोक हमखास चुकतात: बीएस-४ (बीएस म्हणजे धुराच्या प्रदूषणाचा सरकारी निकष) आणि त्यापुढच्या गाडीला वर्षाची मिळते, त्याआधीच्या गाडीला सहाच महिन्यांची. देशभर बीएस-४ लागू झालं ते एप्रिल २०१७ मध्ये, त्यामुळे नाशिकमध्ये नोंदलेली २०१२-१४ ची गाडीही बीएस-३ निघू शकते. आरसीवर बघा.

गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि ते गेले असतील तर वारस म्हणून नाव लावण्याचा अर्ज नमुना ३१ मध्ये. विकत घेतली असेल तर २९ आणि ३० वर सही घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. जुनं कर्ज फिटलेलं असलं तरी बँकेचा बोजा आरसीवर तसाच राहिलेला असतो, तोही उतरवून घ्या. सीएनजी किट असेल तर ते आरसीवर चढलेलं आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांची चाचणी झालेली आहे का, हे दोन्ही तपासा. चाचणीच्या तारखेची टाकीवरची पट्टी डिकीत वाकून वाचावी लागते, म्हणून ती कोणी वाचत नाही.

विम्याचं थोडक्यात: पाच वर्षांपुढच्या गाडीची विमा-किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता, त्यामुळे समोर आलेला आकडा मुकाट्याने घेऊ नका. थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा विमा, सक्तीचाच आहे. नूतनीकरण ९० दिवसांच्या पुढे लांबलं तर नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची सूट) बुडतो, आणि जुन्या गाडीच्या विम्यात खरी सवलत तेवढीच असते.

पहिला महिना: गाडी ओळखून घ्या

आधीच्या मालकानं "सर्व्हिसिंग आत्ताच केलंय" असं सांगितलं असेल. ऐकून घ्या आणि विसरा. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल आणि स्पार्क प्लग, सगळं एकदम बदला आणि त्या दिवसाचं किलोमीटर एका वहीत लिहा. मोबाइलमध्ये नको, डॅशबोर्डच्या कप्प्यात मावेल अशी साधी वही. तारीख, किलोमीटर, काय बदललं, कुठल्या कंपनीचा पार्ट, किती पैसे. दोन वर्षांनी ही वही कुठल्याही मिस्त्रीपेक्षा जास्त सांगते.

मग एक पुठ्ठा घ्या, टीव्हीच्या खोक्याचा चालेल. रात्री गाडी लावल्यावर इंजिनाखाली सरकवा आणि सकाळी काढून बघा. काळा चिकट थेंब म्हणजे इंजिन ऑइल. हिरवा, निळा किंवा गुलाबी, बोटांना किंचित बुळबुळीत, तो कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळा ओलावा दिसला तर ब्रेक ऑइल, आणि मग गाडी हलवायचीच नाही, मिस्त्रीला घरी बोलवायचं. डावीकडच्या सीटच्या बाजूला गाडीखाली नुसतं पाणी पडत असेल तर ते एसीचं, घाबरू नका. थेंबाची जागा पेनने पुठ्ठ्यावर खुणावून ठेवा, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच करा. थेंब तेवढाच असेल तर थांबता येतं. डबक्यात रूपांतर होत असेल तर नाही.

खरेदी अजून व्हायची असेल तर एक गोष्ट आधी विचारा: गाडी राहिली कुठे? नाशिकची हवा कोरडी, समुद्र लांब. इथे वाढलेल्या गाडीचा पत्रा वीस वर्षांनीही बरा असतो. तेच मॉडेल, तेवढंच किलोमीटर, पण मुंबईत किंवा कोकणात उघड्यावर उभं राहिलेलं असेल तर फ्लोअर आणि दाराची खालची कड सडलेली सापडते. मॅट उचला, डिकीतलं स्टेपनी काढून त्याखालचा खड्डा बघा, बॉनेट उघडून शॉकरचा वरचा माथा जिथे बसतो त्या भोवतीचा पत्रा नखाने टोकरा. रंगाचा फुगा फुटून आत तपकिरी पापुद्रे निघाले तर किंमत पाडण्याच्या भानगडीत पडू नका, सरळ दुसरी गाडी बघा. इंजिन बांधता येतं, सडलेला सांगाडा बांधता येत नाही.

पार्टचाही विचार आताच करा. शेवरलेची विक्री भारतात २०१७ अखेर थांबली, फोर्डनं २०२१ मध्ये उत्पादन बंद करण्याचं जाहीर केलं. या गाड्या वाईट नव्हत्या, पण नव्या माणसाने पहिली जुनी गाडी म्हणून त्या घेऊ नयेत. एका सेन्सरसाठी आठ दिवस गाडी उभी राहते. मारुती आणि ह्युंदाईचं सामान इथे कुठेही मिळतं. महिंद्राच्या जुन्या लोगनबद्दल मात्र माझा थोडा पक्षपात आहे. ती गाडी नाशिकच्याच कारखान्यात बनली, त्यामुळे तिला हात लावायला न घाबरणारे फिटर अजून इथे भेटतात.

टायमिंग बेल्टचा प्रश्न याच महिन्यात मिटवा. इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवायला काही इंजिनांत हा रबरी पट्टा असतो, काहींत साखळी. जुन्या अल्टो ८०० सीसीला आणि माझ्या जुन्या वॅगन-आरला पट्टा आहे. नंतरच्या के-सिरीज इंजिनाला साखळी. पट्ट्याची मुदत कंपनीच्या पुस्तकात लिहिलेली असते, साधारण लाख किलोमीटरच्या आसपास. पण कधी बदलला हे माहीतच नसेल तर मुदत संपली असं समजून बदला, सोबत टेन्शनर आणि वॉटर पंपही, कारण मजुरी तीच लागते. चालत्या गाडीत पट्टा तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि चार-पाच हजारांचं काम थेट हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवण्यावर जातं.

पैसे घालायचा क्रम: थांबणं, तापणं, पळणं, दिसणं

नवीन मालक नेमका उलट्या टोकाने सुरू करतो. आधी सीट कव्हर, मग म्युझिक सिस्टम, मग रबिंग-पॉलिश, आणि ब्रेक "लागतायत की" म्हणून तसेच. क्रम फिरवा.

थांबणं म्हणजे ब्रेक आणि टायर. पॅड ३ मिलिमीटरपर्यंत आले की बदला, मागचे ड्रम उघडून लायनर बघा आणि चढावर हँडब्रेकची परीक्षा घ्या. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं, गळत नसलं तरी, कारण ते हवेतली ओल शोषतं. ओल धरलेलं ऑइल लांब उतारावर तापून उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खाली बसतं. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत असली तरी सहा वर्षांपुढचा टायर महामार्गावर नेऊ नका. कमी फिरणाऱ्या गाडीचा टायर झिजत नाही, वाळतो, आणि बाजूला बारीक भेगा पडतात. स्टेपनीचा कोडही वाचा. बऱ्याच गाड्यांत ती गाडीइतकीच जुनी असते.

तापण्यावर जरा थांबतो, कारण जुन्या छोट्या गाड्यांचा जीव बहुतेक वेळा इथेच जातो. थंड इंजिनावर, म्हणजे सकाळी, रेडिएटरचं झाकण उघडा. कूलंट काठोकाठ हवं. बाजूच्या बाटलीत ते दोन खुणांच्या मध्ये हवं. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं दिसलं तर झाकणाचं रबर किंवा स्प्रिंग गेलेली आहे. हे झाकण दोन-तीनशे रुपयांत येतं आणि त्याच्याच दाबामुळे पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. म्हणून गाडी तापते म्हणून रेडिएटर बदलायला निघालात तर आधी झाकण बदलून बघा.

आत काय भरलंय तेही बघा. पाणी गढूळ, तपकिरी असेल तर कोणीतरी वर्षानुवर्षं नळाचं किंवा बोअरचं पाणी ओतलेलं आहे. बोअरच्या क्षाराने रेडिएटरच्या बारीक नळ्या आतून बुजतात. सिस्टम फ्लश करून तयार कूलंट भरा, नाहीतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरट मलई जमलेली असेल तर दोन शक्यता: गाडी रोज दोन किलोमीटरच चालते आणि आतली वाफ बाहेर पडत नाही, किंवा हेड गॅसकेट (हेडखालची सील) गेलंय. आठवडाभर लांब फिरवून बघा. मलई गेली तर पहिली गोष्ट. कूलंटही कमी होत असेल तर दुसरी.

थर्मोस्टॅटबद्दल, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवून धरणाऱ्या झडपेबद्दल, एक जुना गॅरेजी उपाय अजून चालतो: "काढून टाका साहेब, आपल्या हवेत लागत नाही." काढू देऊ नका. थर्मोस्टॅट नसला की इंजिन नीट गरमच होत नाही, पेट्रोल जास्त खातं, ऑइल लवकर खराब होतं. शिवाय गाडी का तापत होती ते खरं कारण तसंच राहतं आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला की पुन्हा डोकं वर काढतं. मिस्त्री असं म्हणाला तर पंखा कितीला सुरू होतो ते त्याला दाखवायला सांगा. एसी बंद, इंजिन आयडलवर, काटा मध्याच्या आसपास आला की पंखा लागायला हवा आणि काटा तिथेच थांबायला हवा. लागला नाही तर फ्यूज, रिले, पंख्याची मोटर, या क्रमाने शोधायचं.

पळणं, म्हणजे क्लच, सस्पेन्शन, इंजिनाचा पिकअप, हे तिसऱ्या नंबरावर. सस्पेन्शनचं काम, गॅरेजच्या भाषेत 'खालचं काम', पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये करा, त्याआधी केलं तर खड्डे ते पुन्हा मोडतात. त्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित तुकडा म्हणजे अॅक्सलचा रबरी बूट. पुढच्या चाकामागे वाकून बघा. बूट फाटला असेल तर रिमच्या आतल्या अंगाला काळ्या ग्रीसचे शिंतोडे उडालेले दिसतात. आता बदलला तर काही शेकड्यांत भागतं. तसाच ठेवला तर आत माती जाते, आणि काही महिन्यांनी पूर्ण वळण घेताना कट-कट आवाज यायला लागतो. मग जॉइंटच बदलायचा.

दिसण्यावर बोलण्यासारखं फार नाही. ओरखडे राहू द्या. पत्रा उघडा पडला असेल तिथे तेवढा टचअप करा, म्हणजे गंज धरत नाही.

मिस्त्री आणि सामान

कंपनीचं सर्व्हिस सेंटर गाडी पाच-सहा वर्षांची होईपर्यंत ठीक. त्यापुढे तिथे तुटलेला तुकडा नाही, अख्खी असेंब्ली बदलतात. तुम्हाला हवा असा मिस्त्री, जो सस्पेन्शनच्या आर्ममधला झिजलेला बुश (रबरी तुकडा) बदलतो आणि आर्म परत वापरतो. द्वारका, वडाळा नाका, मुंबई नाका या पट्ट्यात गॅरेज आणि सामानाची दुकानं भरपूर आहेत, आणि सातपूर-अंबडच्या कारखानदारीमुळे लेथवाल्यांची वानवा नाही. ड्रम टर्न करायचा असो की हेड फेस करायचं असो, मुंबई-पुण्याला जायची गरज पडत नाही.

मिस्त्री पारखायला छोटं काम द्या. ब्रेक साफ करणं किंवा ऑइल बदलणं. तो काढलेला पार्ट न मागता दाखवतो का? "काका, हा बघा, अजून पाच हजार किलोमीटर जाईल" असं सांगून काम स्वतःहून पुढे ढकलतो का? तो माणूस धरून ठेवा. त्याच्याशी दर रुपयावर घासाघीस करू नका. वर्षातून एकदा रात्री नऊला फोन उचलणारा मिस्त्री मिळणं यातच सगळं आलं. उलट, प्रत्येक सर्व्हिसिंगला इंजिन फ्लश, टेफ्लॉन कोटिंग, इंजेक्टर क्लीनिंग अशी पाटी वाचून दाखवणारा असेल तर नमस्कार करून निघा.

सामान घेताना ब्रेक, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, फिल्टर आणि क्लच प्लेट ओरिजिनल किंवा कंपनीला माल पुरवणाऱ्याच ब्रँडचे घ्या. दाराचं हँडल, काचेची मोटर, आरसा, बंपर हे लोकल किंवा जुन्या गाडीतून काढलेलं चालतं. जुन्या सामानासाठी पूर्वी लोक अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात जात. महापालिकेनं २०१७ मध्ये तो मोठी मोहीम काढून हटवला. आता असं सामान मिस्त्रीच्या ओळखीतूनच आणवलेलं बरं, आणि कुठून आणलं ते विचारायला लाजू नका.

पेट्रोल बदललंय, गाडी नाही

पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. गाडी त्याने लगेच बंद पडत नाही. पण इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते, त्यामुळे अॅव्हरेज थोडं पडतं. शून्य इथेनॉलसाठी रचलेल्या चारचाकींना सहा-सात टक्क्यांचा फटका बसेल असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दिला होता. दुसरं म्हणजे जुनं रबर. इंजिनाजवळची पेट्रोलची नळी दर सहा महिन्यांनी बोटाने दाबून बघा. मऊ चिकट झाली असेल किंवा वाकवल्यावर भेगा दिसल्या तर इथेनॉल सोसणारी नळी आणि नवे क्लॅम्प लावून घ्या. यात काटकसर करू नका, नळीखालीच तापलेलं इंजिन आहे.

इथेनॉल पाणी ओढतं. म्हणून महिनाभर गावाला जाणार असाल तर टाकी जवळपास भरून ठेवा, रिकामी नको. पेट्रोल फिल्टरही पूर्वीपेक्षा लवकर बदला. जुन्या टाकीत तळाशी बसलेली घाण नव्या पेट्रोलमुळे सुटते आणि फिल्टरमध्ये येऊन अडकते.

नाशिकचे रस्ते आणि ऋतू

शहरातल्या शहरात गाडी जास्त झिजते. द्वारकेच्या चौकात अर्ध्या क्लचवर इंच-इंच सरकत राहणं म्हणजे क्लच प्लेट हाताने घासणं. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग पहिला टाकून जा. मागचा हॉर्न मारेल, मारू द्या. घर ते कॉलेज रोड एवढंच चालणारी गाडी असेल तर आठवड्यातून एकदा गंगापूर धरणापर्यंत तरी नेऊन आणा, म्हणजे बॅटरीही चार्ज होते आणि इंजिनातली ओल जाते.

मुंबईला आता समृद्धीने जाता येतं. इगतपुरीपुढचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा कसारा घाट चुकवतो, हे जुन्या गाडीसाठी वरदानच. पण समृद्धीवर कारची मर्यादा १२० आहे म्हणून तुम्ही १२० ने जायचं असं नाही. तापलेलं काँक्रीट, जुना टायर आणि सलग तासभर वेग हे त्रिकूट वाईट आहे. गुळगुळीत टायरच्या गाड्या अडवण्याची मोहीम परिवहन विभागाला इथे काढावी लागली होती. डावी लेन धरा, ८०-९० ठेवा, निघण्याआधी थंड टायरमध्ये हवा दाराच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे भरा, आणि तासा-दीड तासाने उतरून हात लावून बघा. एक टायर बाकीच्या तिघांपेक्षा जास्त गरम लागला तर त्याचा ब्रेक चिकटतोय.

जुन्या कसाऱ्याने उतरणार असाल, किंवा नांदुरीहून सप्तशृंगी गडावर गेला असाल आणि परत यायचं असेल, तर ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रलवर गाडी सोडणारे, आणि त्याहून वाईट म्हणजे चावीच बंद करणारे, अजून आहेत. इंजिन बंद झालं की ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल इतकं कडक होतं की दोन्ही पायांनी दाबूनही गाडी थांबत नाही. चढताना काटा वर सरकायला लागला तर एसी बंद, हिटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल, काचा उघड्या. घाम फुटेल, पण हिटरही एक छोटा रेडिएटरच आहे. तरीही काटा चढला तर बाजूला घ्या. वाफ दिसली तर इंजिन बंद करा आणि अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका.

पावसाळ्यात त्र्यंबक, इगतपुरी, पेठच्या बाजूला जाणं होतंच. वायपरचं रबर जूनच्या आधी बदला. पुढच्या काचेच्या आणि दारांच्या खालच्या कडेला पाणी निचरायची भोकं असतात. त्यात पालापाचोळा अडकला की पाणी आत साचतं आणि नाशिकची गाडीही मुंबईच्या गाडीसारखी सडते. गोदाघाटावर गाडी लावून बाजारात जायची सवय असेल तर धरणातून विसर्ग सुरू झाल्याची बातमी आल्यावर तरी ती मोडा. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी सेल्फ मारून बघायची नाही, ओढून न्यायची. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर एका सेल्फमध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो.

शेताजवळ किंवा नव्या वसाहतीत राहात असाल तर उंदीर हा पावसाळ्यापासून थंडीपर्यंतचा पाहुणा. तंबाखूची पानं, डांबर गोळ्या, सगळं करून बघतात लोक. मला खात्रीचं वाटतं ते एवढंच: गाडी एका जागी चार दिवस उभी ठेवायची नाही आणि रात्री बॉनेट थोडा वेळ उघडा ठेवायचा. गरम, अंधारी जागा मिळाली नाही की तो दुसरीकडे जातो.

आणि निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आल्याची बातमी पेपरात आली की समजा, तुमची चार वर्षांची बॅटरी दुसऱ्या दिवशी सकाळी दगा देणार. दिवाळीच्या सुमारास तिचा लोड टेस्ट करून घ्या. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर गरम पाणी ओता, जुन्या ब्रशने घासा, कोरडं करून व्हॅसलीन लावा.

कधी सोडायची

वर्षअखेरीस वही काढा आणि बेरीज करा. टायर, बॅटरी, क्लच यांसारखी चार-पाच वर्षांतून येणारी कामं एकाच वर्षात आली तर आकडा मोठा दिसेल, म्हणून तीन वर्षांची सरासरी काढा. ती नव्या गाडीच्या वर्षभराच्या हप्त्यांच्या निम्म्याच्या वर जायला लागली, किंवा तेच काम वहीत तिसऱ्यांदा दिसलं, तर विचार करायची वेळ आली. सांगाडा सडला, अपघातात चेसिस वाकली, तर विचारही करायचा नाही.

एक मुद्दा पैशांचा नाही. चालकाची एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) भारतात सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचे झाले ते २०१९ मध्ये. त्याआधीच्या छोट्या गाड्यांत बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं, माझ्याही नाही. शहरातल्या फिरण्यासाठी मला ते चालतं. पण रोज सिन्नर किंवा इगतपुरीपर्यंत महामार्गाने जाणं-येणं असेल, मागे लहान मुलं बसत असतील, तर वही काय म्हणते ते बाजूला ठेवा आणि गाडी बदला. जुनी शहरासाठी ठेवायची असेल तर ठेवा.

भंगारात द्यायची ठरली तर कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिली की जमा-प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते आणि आरटीओतून जुनी नोंदणी रद्द करून घेता येते. नाहीतर तुमच्या नावावरची नंबर प्लेट कुठे फिरते याचा पत्ता लागत नाही. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र त्याच आठवड्यात मागून घ्या. तो बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, आणि पत्र तीन वर्षं चालतं.